आवडता फुटबॉलपटू क्लब सोडून गेला, आता काय?

जर्सी टाकून देऊ नकोस. हा धक्का सुरुवातीला सगळ्यांनाच बसतो. करारातली कलमं, ट्रान्सफरचे म्हणजे क्लबबदलाच्या रकमेचे आकडे नंतर कळतील. आत्ता एवढंच सांभाळ.

१. आधी क्लब, मग खेळाडू. 1993 ते 2017 फक्त इटलीच्या रोमा क्लबसाठी खेळलेला तोत्ती हा अपवाद आहे. प्रत्येकाकडून तशी अपेक्षा धरलीस तर दर उन्हाळ्यात, म्हणजे क्लबबदलाच्या मोसमात, मन मोडेल.

२. जाणारा प्रत्येक जण गद्दार नसतो. माझ्या मते हे सगळ्यांत महत्त्वाचं. फ्लोरेन्सच्या फिओरेंतिना क्लबकडून खेळणाऱ्या बातिस्तुताचं बघ. 1993 मध्ये फिओरेंतिना दुसऱ्या श्रेणीत घसरली, तरी तो थांबला आणि पुढच्याच हंगामात संघ वर आला. 2000 मध्ये मात्र लीग जिंकायच्या ओढीने तो रोमाकडे गेला. त्याच वर्षी जुन्या क्लबविरुद्ध गोल केला, पण जल्लोष केला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. फ्लोरेन्सचे लोक आजही त्याला आपला मानतात. फिगो बार्सिलोना सोडून थेट त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदला गेला, तो राग मला समजतो. पण 2002 मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर त्याच्या दिशेने बाटल्या आणि डुकराचं डोकं भिरकावलं गेलं, त्याला निष्ठा म्हणता येत नाही.

३. जर्सीवरच्या क्लबच्या बिल्ल्याचं कुणी चुंबन घेतलं म्हणून भाळू नकोस, पडत्या काळात कोण थांबतं ते बघ. 2006 मध्ये इटलीच्या युव्हेंटस क्लबला शिक्षा म्हणून दुसऱ्या श्रेणीत ढकललं, तेव्हा बुफॉन, देल पिएरो, नेदव्हेद थांबले.

आणि पेनल्टी हुकली म्हणून आपल्याच खेळाडूला इन्स्टाग्रामवर शिव्या घालणं ही नवख्यांची नेहमीची चूक. ती अजिबात करू नकोस.