कामठीच्या पहिल्या कॅम्पला निघण्याआधी

मनापासून अभिनंदन! टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या लष्करी सेवेत आलास, तेही कामठीच्या ४१४ एएससी (आर्मी सर्व्हिस कोअर) मार्केटिंग बटालियनमध्ये. आपण तेल कंपन्यांची माणसं. युद्ध असो वा संप, पेट्रोल-डिझेलचा पुरवठा तुटू द्यायचा नाही, हेच आपलं काम. परेड हळूहळू अंगवळणी पडते, तिची धास्ती नको.

लक्ष टँकरवर ठेव. आधी अर्थिंगची क्लिप (स्थिर वीज जमिनीत उतरवणारी), मगच होज, म्हणजे तेलाचा पाइप. डिपरॉडच्या, म्हणजे टाकीतलं तेल मोजायच्या दांडीच्या टोकाला वॉटर पेस्ट (पाणी ओळखायचा लेप) लाव, टाकीच्या तळाला टेकव, बाहेर काढून नीट बघ. रंग बदलला म्हणजे तळाशी पाणी आहे. टँकर तिथेच थांबव, साहेब कितीही घाई करोत. टँकरच्या सीलचा नंबर चलनाशी, म्हणजे मालासोबतच्या कागदाशी ताडून पाहा; मी एकदा राहू दिलं आणि रात्रभर हिशेब जुळवत बसलो.

आणि हो, नवे बूट आत्तापासूनच घालायला लाग.