वावर विकू नका, आधी पोराला विचारा

भाऊ, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा बारावी कॉमर्स, ५८ टक्के, फोटो छान काढतो. शहरातल्या एका प्रदर्शनवाल्यांनी ‘डिजिटल प्रिंट म्हणजे झेरॉक्स, ही फाईन आर्ट नव्हे’ म्हणत त्याचे फोटो परत केले. म्हणून तुम्ही दोन एकर विकून त्याला मुंबईच्या खासगी संस्थेत घालणार, जुन्या पद्धतीचा, फिल्मच्या रोलचा कॅमेराही घेऊन देणार.

मार्कांची मला काळजी नाही, तुमची आहे. कुणी बाप कॅमेरा कपाटात कोंडतो, तुम्ही त्यापायी वावर विकायला काढलंत. पोराच्या मानेवरचं ओझं तेवढंच. एवढ्या लांब पत्रात त्याचं स्वतःचं एक वाक्य नाही! ‘पोरगा मोठा कलाकार होणार’ असं तुम्ही गावात सांगूनही मोकळे झालात. उद्या त्याचं मन उडालं, तर त्याने कुठल्या तोंडाने घरी यायचं? आणि तो लग्नाचे फोटो काढून स्वतःचा खर्च भागवतो, हे लाजत का लिहिलंत? मला तर पत्रातली तीच ओळ सगळ्यात भरवशाची वाटली.

आता त्या ‘झेरॉक्स’बद्दल. १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम एगलस्टन या अमेरिकन फोटोग्राफरचे रंगीत फोटो लागले, तेव्हा समीक्षकांनी झोडपून काढलं; कलेचा फोटो कृष्णधवलच असतो, असा तेव्हाचा सोवळेपणा. आज तोच माणूस अभ्यासक्रमात आहे. छापखान्यात प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, काढायला बनवलेल्या आयरिस या डिजिटल इंकजेट (शाई फवारून छापणाऱ्या) प्रिंटरवर ग्रॅहम नॅश या गायकाच्या स्टुडिओने १९९१ पासून कलाप्रिंट काढले. तो प्रिंटर आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पिगमेंट शाई (रंगकणांची, सहसा न उडणारी) आणि आम्लरहित कागद वापरला तर इंकजेट प्रिंट चांगला टिकतो, मोठी संग्रहालयंही तो घेतात. (असा उत्तम कागद कापसाच्या तंतूंचा असतो. यवतमाळच्या माणसाला ‘अंधाऱ्या खोलीत (डार्करूममध्ये) फोटो धुतल्याशिवाय कला नाही’ असं ऐकवणाऱ्याची कमाल आहे.) १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल पुरतात, पोराचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा भरपूर झाला.

पण खोटी आशाही देत नाही. प्रिंट आता कुणालाही काढता येतो, गॅलरीचं दार मात्र अजून ओळखीपाळखीनेच उघडतं, आणि भिंतीवर लावायला फोटो विकत घेणारे आपल्याकडे थोडे. नुसत्या फाईन आर्टवर घर चालेल असं मी तरी सांगणार नाही. खासगी संस्थेच्या महागड्या फीमुळेही ते दार उघडत नाही.

शिकायचंच असेल तर एएसी सीईटी ही कलाशिक्षणाची राज्याची प्रवेश परीक्षा देऊन नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयासारख्या ठिकाणी उपयोजित कलेला (जाहिरात, डिझाइन यांसाठीच्या कलेला) प्रयत्न करावा.

त्याआधी त्याला स्वतःचे दहा-बारा फोटो निवडू द्या; तुम्ही निवडायचे नाहीत. लग्नाच्या कमाईतून नागपुरात चांगल्या कागदावर प्रिंट काढू द्या. झेडपीच्या शाळेत, ग्रामपंचायतीत लावू द्या. त्यासाठी कुणाची परवानगी लागलीच तर ती मुख्याध्यापकांची आणि सरपंचांची.

आणि वावराचा विसार या आठवड्यात घेणार म्हणालात, तो घेऊ नका. घेतला असेल तर परत करा.