वाचकांचे प्रश्न : गाडीला पॉलिश करावं, पण किती?

प्रश्न : माझी काळी गाडी चार वर्षांची आहे. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. प्रत्येक सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश करून घेतो. महिनाभर गाडी चकाकते, मग रेघा पुन्हा दिसायला लागतात. घरी केलं तर काम टिकेल का?

उत्तर : महिनाभरात रेघा परत दिसल्या, म्हणजे बहुधा त्या गेल्याच नव्हत्या. अनेक पॉलिशमध्ये तेलकट-मेणकट भरण असतं. ते रेघांत बसतं, रेघा झाकल्या जातात आणि चार-पाच वेळा गाडी धुतली की भरण निघून जातं. खात्री करायची तर पॉलिश झाल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग डिस्टिल्ड पाणी यांच्या मिश्रणाने तो भाग पुसा आणि तिरपा टॉर्च मारून पाहा. रेघा दिसल्या तर काम नुसतं झाकण्याचं झालं होतं. दिसल्या नाहीत, तर रेघा खरोखर निघाल्या होत्या आणि धुण्या-पुसण्यात तुम्ही नव्या पाडताय.

दोन्ही बाबतीत दर सर्व्हिसिंगचं रबिंग आधी बंद करा. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50 मायक्रॉनचा. तुमच्या रेघा याच वरच्या थरात आहेत. कंपाउंड, म्हणजे रबिंगची घासणारी भरड पेस्ट, रेघ भरून काढत नाही, रेघेच्या तळापर्यंत भोवतालचा क्लिअर कोट झिजवतं. खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारे घटकही याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत बोनेट आणि टपावर पांढुरके चट्टे पडून पापुद्रे सुटतात. त्यावर कुठलंच पॉलिश चालत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. म्हणून आधी धुण्याची पद्धत सुधारा, मग एकदाच नीट पॉलिश करा आणि पुढे केवळ संरक्षक थर राखा.

प्रश्न : रोज सकाळी ओल्या फडक्याने गाडी पुसून घेतो. एवढी काळजी घेऊनही रेघा कशा पडतात?

उत्तर : त्या पुसण्यानेच पडतात. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. बादलीत एकदा बुडवून पिळलेलं फडकं हे कण सगळ्या गाडीवर फिरवत राहतं. रोज पुसण्यापेक्षा आठवड्याने एकदा नीट धुणं रंगासाठी फार चांगलं.

गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना धुवा. चाकं आधी, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या ब्रशने, कारण ब्रेकची लोखंडी भुकटी तिथेच साठते. मग पाण्याचा भरपूर फवारा मारून सुटी धूळ उतरवा. या टप्प्यात कंजुषी करू नका, इथे न निघालेला कण पुढे धुण्याच्या हातमोज्याखाली घासला जातो. दोन बादल्या घ्या, एकीत कार शॅम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा वॉश मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, शॅम्पूत बुडवा, टपापासून खाली सरळ रेषेत फिरवा, एक भाग झाला की साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत घाला. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी. भांड्यांचा साबण वापरू नका, तो मेणाचा थर उतरवतो. सुकवताना जाड मायक्रोफायबर टॉवेल अंथरून हलकेच ओढा, दाबून घासू नका. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो रंगाला लावायचा नाही.

प्रश्न : धुतल्यावरही हात फिरवला की पत्रा खरखरीत लागतो. पॉलिशने हे जाईल का?

उत्तर : पॉलिशआधी ते काढावं लागतं, नाहीतर तेच कण पॅडमध्ये अडकून ओरखडे पाडतात. खरखर असते ती रंगात रुतलेल्या लोहकणांची, डांबराची आणि झाडांच्या चिकाची. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून फिरवलात तर ती जास्त स्पष्ट जाणवेल.

गार पत्र्यावर आधी आयर्न रिमूव्हर फवारा. तीन ते पाच मिनिटांत लोहकणांच्या जागी जांभळे ओघळ येतात. सुकू न देता धुऊन टाका. उरलेल्यासाठी क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी मऊ, मातीसारखी वडी. लहान तुकडा तोडून चपटा करा, पत्रा शॅम्पूच्या पाण्याने चांगला ओला ठेवा आणि क्ले अजिबात जोर न देता सरळ पुढे-मागे न्या. आधी अडखळतो, मग घसरायला लागतो. घसरला की तो भाग संपला. क्लेची बाजू काळी झाली की दुमडून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडलेला तुकडा धुऊनही वापरू नका, टाकून द्या. क्लेने बारीक धुरकटपणा येतो, गडद रंगावर जास्तच. म्हणून क्ले करायचा तर पॉलिशच्या तयारीनेच.

प्रश्न : ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर आणला आहे. रंग जळेल या भीतीने हात लावलेला नाही. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : यंत्राची निवड योग्य आहे. रोटरी मशीनचं पॅड एकाच अक्षावर फिरतं आणि एका जागी पटकन उष्णता साठवतं. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड फिरताना डोलतंही, त्यामुळे नवख्या हाताकडून रंग जळण्याची शक्यता बरीच कमी.

काळं प्लास्टिक, रबरी पट्ट्या आणि पत्र्याच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावा. काळ्या प्लास्टिकवर कंपाउंड सुकलं की पांढरे डाग सहज निघत नाहीत. कडांवर आणि बॉडीच्या उठावदार रेषांवर रंग मुळातच पातळ असतो, रंग जाण्याच्या बहुतेक घटना तिथेच घडतात.

मग बोनेटवर दीड फूट चौरसाचा तुकडा चाचणीसाठी निवडा. सुरुवात नेहमी सौम्य जोडीने करा, मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. त्याने भागलं नाही तर मध्यम पॅड, आणि तेही पुरलं नाही तरच कंपाउंड. अनेकजण उलट करतात आणि गरज नसताना क्लिअर कोट घालवतात.

पॅडवर मटाराच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या. पॅड पत्र्यावर टेकवूनच यंत्र सुरू करा, नाहीतर शिंतोडे उडतात. सर्वांत कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग वेग चार-पाचवर न्या. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने हात चालवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढायला हवा. एकदा आडवा, एकदा उभा, अशा तीन-चार फेऱ्या पुरतात. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्यावर बसतं त्या चकतीच्या, कडेवर मार्करने एक उभी रेघ काढून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. फिरणं थांबलं तर एकतर तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरपं झालंय, आणि अशा वेळी यंत्र नुसतं थरथरतं, रेघा तशाच राहतात.

प्रत्येक तुकड्यानंतर पॅड ब्रशने झाडा. झिजलेला क्लिअर कोट आणि वापरलेलं पॉलिश त्यात साठून पॅड चिकट होतं आणि तापतं. पत्र्याला हात लावून बघत राहा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर थांबा. बंपर प्लास्टिकचा असल्याने उष्णता पसरवत नाही, तिथे वेग आणि फेऱ्या दोन्ही कमी ठेवा. पॅडवर गाडीचा रंग उतरला तर ताबडतोब थांबा. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या, एकथरी रंगाच्या गाडीत हे साहजिक असतं, पण क्लिअर कोटच्या गाडीत त्याचा अर्थ तो थर संपला असा होतो.

आणि शेवटची खोल रेघ काढण्याच्या मागे लागू नका. टॉर्चमध्ये शोधल्यावरच दिसणारी रेघ राहिली तर राहू द्या, ती काढायला जाणारा थर परत येत नाही.

प्रश्न : नंतर वॅक्स लावावं, सीलंट की सिरॅमिक?

उत्तर : कार्नोबा वॅक्स (एका ताडाच्या पानांपासूनचं मेण) लावायला सोपं, चूक झाली तरी पुसता येतं, साधारण सहा ते आठ आठवडे टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर, चार ते सहा महिने चालतं. घरी पहिल्यांदाच करणाऱ्याला आम्ही सीलंट सुचवतो. दोन्ही अगदी पातळ लावायची असतात. जाड थराने संरक्षण वाढत नाही, नुसता पुसण्याचा त्रास वाढतो.

सिरॅमिक, म्हणजे रंगावर कडक होणारं द्रव कोटिंग, जास्त टिकतं, पण चूक माफ करत नाही. आधी अल्कोहोलच्या मिश्रणाने पत्रा पूर्ण तेलमुक्त करावा लागतो. दोन फूट चौरसाहून मोठा भाग एका वेळी घेऊ नका. बाटलीवर दिलेल्या वेळेत जादा कोटिंग एका टॉवेलने उचला, लगेच दुसऱ्या कोरड्या टॉवेलने पुसा. पुसायचं राहिलं की गडद ठिपके कडक होतात आणि ते पॉलिशनेच काढावे लागतात. पहिले 24 तास पाणी नको, आठवडाभर शॅम्पू नको. वापरलेले टॉवेल टाकून द्या, त्यात सुकलेलं कोटिंग पुढे रंगावर चरे पाडतं. शिवाय सिरॅमिकने दगडाचा मार किंवा किल्लीचा ओरखडा थांबत नाही. दगडांसाठी 150 ते 200 मायक्रॉन जाडीची पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायचा पारदर्शक पडदाच लागतो.

नुकत्याच रंगवलेल्या भागावर यांतलं काहीही लगेच लावू नका. रंगातले सॉल्व्हंट उडून जायला साधारण 60 ते 90 दिवस द्या.

प्रश्न : पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग पुसला, पण खाली खड्ड्यासारखी खूण राहिली.

उत्तर : विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन प्रसरण पावतो. संध्याकाळी थंड होताना तो सुकलेल्या विष्ठेभोवती आवळतो आणि तिचा ठसा उमटतो. ठसा उथळ असेल तर पॉलिशने जातो, खोल असेल तर फिका होतो इतकंच. पुढच्या वेळी कोरडं खरवडू नका, त्यात कणीही असते. ओला टिशू पेपर दहा मिनिटं ठेवा, मग उचलून घ्या आणि पाणी ओता.

प्रश्न : मॅट रंगाच्या मोटारसायकलची टाकी एका जागी चकचकीत झाली आहे. उपाय?

उत्तर : मॅट क्लिअर कोटचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो. घासून तो सपाट झाला की चकाकतो आणि पुन्हा खडबडीत करता येत नाही. त्यावर पॉलिश, क्ले, साधं वॅक्स काहीही नको. मॅटसाठीचा शॅम्पू आणि मॅटचं सीलंट तेवढं वापरा. चकाकी खटकत असेल तर टाकी पुन्हा रंगवून घ्यावी लागेल.

प्रश्न : दारावरच्या ओरखड्यात नख अडकतं. टूथपेस्ट घासू का?

उत्तर : नको. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात, पण ते रंगासाठी मोजूनमापून बनवलेले नसतात. नख अडकतं म्हणजे ओरखडा क्लिअर कोटच्या पार गेला असण्याची शक्यता मोठी, तिथे पॉलिशचा उपयोग नाही. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो, त्यानुसार टच-अप रंग घ्या. ओरखडा अल्कोहोलने पुसा, पत्रा उघडा पडला असेल तर आधी प्रायमर लावा. रंग बारीक ब्रशच्या टोकाने, केवळ खाचेत, दोन-तीन पातळ थरांत भरा आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. शेवटी क्लिअर कोटचा एक थेंब. खूण जवळून दिसेलच, पण पत्र्याला गंज धरणार नाही.