बेडी लागल्यानंतरचं एक मिनिट

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पळणाऱ्याला पकडताना किती जोर लावायचा, असं तू विचारलं आहेस. वर्दी अंगावर चढण्याआधीच हा प्रश्न तुझ्या मनात आला, याचं मला फार समाधान वाटलं. जोर कुठे सुरू करायचा हे प्रशिक्षणात शिकवतात. कुठे सोडायचा हे मला एका हवालदारांनी शिकवलं. तेच आधी सांगतो.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. चोरीतल्या एका संशयितामागे मी धावत होतो. अरुंद बोळ, एक भिंत, मग दुसरी. शेवटी चिखलात तो घसरला आणि मी त्याच्या अंगावरच पडलो. मागून आलेल्या हवालदारांनी बेडी घातली. मी मात्र उठलो नाही. गुडघा त्याच्या पाठीवर, डावा हात मानेवर, आणि माझी छाती भात्यासारखी चाललेली. खाली तो वळवळत होता. अजून सुटायला बघतोय असं वाटून मी आणखी दाबत होतो. हवालदार माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "साहेब, बेडी लागली. उठा आता." हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं, असं मला नंतर कळलं, पहिलं मला ऐकूच आलं नव्हतं. मग त्यांनी दंडाला धरून मला बाजूला केलं, त्याला कुशीवर वळवलं आणि बोट घालून त्याच्या तोंडातला चिखल काढला. त्यानंतर त्याने जो श्वास आत ओढला, त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्याची ती वळवळ सुटण्यासाठी नव्हती, श्वासासाठी होती. माझी बोटं त्याच्या मानेवर उमटली होती.

त्या दिवशी मी वाईट माणूस नव्हतो. माझं शरीर अजून धावत होतं, एवढंच. पाठलागात काळीज धडधडतं, नजर समोरच्या पाठीपुरती उरते, शेजारची हाक कानापर्यंत पोचत नाही. समोरचा थांबतो त्या क्षणी आपलं शरीर थांबत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. अटकेतल्या कितीतरी वाईट गोष्टी त्या मिनिटांत घडतात. म्हणून माझा पहिला नियम असा, की शक्य असेल तिथे धावलेल्याने बेडी घालू नये. मागून येणाऱ्याने घालावी, आणि धावणाऱ्याने दोन पावलं मागे सरून श्वास मोजावा. नंतर वरिष्ठ अधिकारी झाल्यावर मी माझ्या पथकाला हीच सवय लावली. सुरुवातीला पोरांना कमीपणा वाटायचा. मग कळलं की त्यात त्यांचंच रक्षण आहे.

पालथ्या माणसाचं थोडं नीट सांगतो, कारण यात जीव जातो. पोट जमिनीला टेकलेलं, हात मागे बांधलेले आणि पाठीवर वजन, अशा स्थितीत छाती फुगायला जागाच राहत नाही. त्यात तो धावून आलेला, म्हणजे त्याला नेहमीपेक्षा जास्त हवा हवी असते. हवा मिळेना की माणूस हातपाय झाडतो, आणि वरच्याला तो प्रतिकार वाटतो. वरचा आणखी दाबतो. बेडी लागताच माणसाला पोटावरून उठवा, असं अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ सालीच पोलिसांना लिहून कळवलं होतं. तरी २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड बेडी लागलेल्या अवस्थेत नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघ्याखाली राहिला आणि गेला. वीस डॉलरची नोट खोटी असल्याचा संशय, एवढ्यावरून ते सुरू झालं होतं. तिथे असलेल्या एका अगदी नव्या शिपायाने, याला कुशीवर वळवू या का, असं विचारलं होतं. वरिष्ठ नाही म्हणाला. त्याने पुन्हा विचारलं, आणि तिथेच थांबला. पुढे त्यालाही शिक्षा झाली. पहिल्या वर्षात तुझी जागा बहुतेक त्या नव्या शिपायाचीच असेल, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे. विचारून थांबू नकोस. हात घाल, माणसाला वळव. नंतर रागावणी झाली तर झाली. "बोलता येतंय म्हणजे श्वास येतोय" असं कोणी म्हणालं तर त्यावरही विश्वास ठेवू नकोस. दोन शब्द बाहेर पडायला लागते तेवढी हवा जगायला पुरत नाही.

आता कायदा. अटक कशी करायची ते सांगणारं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ तुला पाठ असेलच; आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तेच कलम ४६ होतं. पण त्याचा क्रम बघ. माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन झाला, तर त्याच्या अंगाला हात लावायचीही गरज नाही. जबरदस्तीने अटकाव केला किंवा अटक चुकवायचा प्रयत्न केला, तरच आवश्यक ती साधनं वापरायची. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या माणसाचा जीव घेण्याचा हक्क हे कलम कोणालाही देत नाही. पुढे नव्या संहितेचंच कलम ४६ म्हणतं की पळून जाऊ नये म्हणून लागेल त्याहून जास्त बंधन नको. माझ्या गुडघ्याचं उत्तर या एका ओळीत होतं. मी ती परीक्षेत लिहूनही आलो होतो.

पळणारा म्हणजे गुन्हेगारच, हे मनातून काढून टाक. लोक भीतीने पळतात, दारूच्या नशेत पळतात, जुन्या मारहाणीच्या आठवणीने पळतात. १९७४ साली मेम्फिसमध्ये एडवर्ड गार्नर नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा रात्री कुंपणावर चढत होता. त्याच्याकडे शस्त्र नसावं, असं पोलिसालाही वाटत होतं. तरी हातून निसटेल म्हणून त्याने गोळी घातली. मुलाजवळ एक पर्स आणि दहा डॉलर सापडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं की निव्वळ पळतोय म्हणून जीव घेता येणार नाही. तो इतरांच्या जिवाला मोठा धोका आहे असं मानायला सबळ कारण हवं. १९९० साली हवानात संयुक्त राष्ट्रांनी पोलिसांच्या बळवापराबद्दल जी तत्त्वं मान्य केली, तीही याच दिशेची आहेत. निसटलेला माणूस उद्या सापडू शकतो. तो मुलगा कुंपणावरून परत आला नाही.

सांगितलेलं ऐकत नाही, याचाही अर्थ एकच नसतो. ऐकू न येणारा माणूस थांबत नाही. फेफऱ्याच्या झटक्यानंतर माणूस आपला हात झिडकारतो. रक्तातली साखर उतरलेला माणूस दारुड्यासारखा डुलतो. अमेरिकेत डेथॉर्न ग्रॅहम या मधुमेही माणसाला १९८४ मध्ये नेमकं असंच बेडी घालून गाडीवर आदळलं गेलं. त्याच्या पायाचं हाड मोडलं. तो संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला होता, रांग मोठी बघून घाईने बाहेर पडला, एवढंच त्याचं वागणं संशयास्पद होतं. त्याचा मित्र पोलिसांना हे सांगत होता. कोणी ऐकलं नाही. म्हणून सोबतचा माणूस काही सांगत असेल तर अर्धा मिनिट दे.

गाडीने पाठलाग करायची वेळ आली तर आकडे लक्षात ठेव. ताशी शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. समोर काही आलं हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धर. म्हणजे चाळीस मीटर गाडी नुसतीच गेली, वेग तसाच. त्या चाळीस मीटरमध्ये रस्ता ओलांडणाऱ्याचा आपल्या गुन्ह्याशी काय संबंध? खुनातला आरोपी शस्त्र घेऊन पळतोय आणि एखादा पोरगा विना परवाना दुचाकी दामटतोय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंबर दिसला, चेहरा दिसला, तर सोड. सकाळी घरी सापडतो. बिनतारीवर सतत बोलत राहा: कुठे आहोत, वेग किती, रहदारी कशी. बोलण्याने स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येतो. नियंत्रण कक्षातला माणूस खुर्चीत बसलेला असतो, त्याचं डोकं शांत असतं. त्याने थांब म्हटलं की थांब. सोडून दिलेल्या पाठलागाबद्दल कोणी हसलं तर हसू दे.

बेडीचं एक बारीक सांगायचं राहिलं. ती मनगटात घातल्यावर एक बोट आत सरकतं का बघ, आणि मग दुसरं कुलूप लाव. ते लावलं नाही तर गाडीत बसताना ती आपोआप आवळत जाते. मनगटाच्या कडेने जाणारी शीर दबली की अंगठ्याची मागची बाजू कित्येक आठवडे बधिर राहते. आणि आधी, बेडी हवीच का, हे विचार. १९८० मध्ये प्रेम शंकर शुक्ला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेडी घालणं अमानुष ठरवलं होतं. नव्या संहितेत कोणत्या गुन्ह्यांसाठी ती वापरता येते हे नमूद आहे, तेवढं वाच.

शेवटी कागद. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली न्यायालयाने सांगितलं की अटक केलेल्याने मागणी केली तर त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमा तिथेच नोंदवायच्या, त्यावर त्याची आणि आपली सही घ्यायची, प्रत त्याला द्यायची. तू मागणीची वाट बघू नकोस. अंगावर ओरखडा असला तरी लिही, तुझ्या स्वतःच्या अंगावरचाही. 'पळताना पडून इजा झाली' हे वाक्य तुला पुष्कळ कागदांवर वाचायला मिळेल. तो खरंच पडला असेल तरच ते लिही. तू ढकललंस, तर ढकलल्यामुळे पडला असं लिही, आणि का ढकललंस तेही लिही. माझ्या त्या अटकेत मी मानेवरचे वळ लिहिले नाहीत. हवालदारांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता सही करायला पुढे सरकवला. त्यांची ती नजर मला पुढे कोणत्याही चौकशीत भेटली नाही.

पहिली अटक झाली की मला फोन कर. कितीही रात्र झालेली असू दे. कोणाला पकडलं ते नंतर सांग. आधी तो कुठे बसलाय, पाणी प्यायला का, घरी कोणाला कळवलं, ते सांग.

सप्रेम,
तुझा जुना शिक्षक