परवानगीच्या कागदामागे हिवाळा घालवू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. बागेचं ऑइल लँडस्केप (तैलरंगातलं निसर्गचित्र) करताना सगळी झाडं एकाच हिरव्याची होतात आणि बागेत ईझल (चित्राची घोडी) मांडलं की वॉचमन परवानगीचा कागद मागतो, असं तुम्ही म्हणता. कॅनव्हास, ब्रश, टर्पेंटाइन वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

आधी कागदाचं. याच कागदासाठी मीही एका कार्यालयात गेलो होतो. नाव घेत नाही, पुन्हा त्याच रस्त्यानं जायचं असतं. अर्ज दिला तर म्हणे संस्थेचं पत्र आणा. पत्र नेलं तर साहेब दौऱ्यावर. साहेब भेटले तेव्हा कळलं, फॉर्मवर चित्र काढणाऱ्याला रकानाच नाही. मग टेबलावरच्या बाईंनी ‘चित्रीकरण’वर टिक केली आणि त्याचं भाडं सांगितलं. युनिटमध्ये माणसं किती? एक! दसऱ्याला सुरू झालेलं हे प्रकरण होळीच्या आसपास मिटलं. तोवर लॉन पिवळं, मेंदीचं कुंपण छाटून नुसते खुंट, आणि अकरानंतर उन्हात उभं राहवेना. मराठवाड्यात हिरवं रंगवायचे दिवस पाऊस सरल्यापासून फार तर संक्रांतीपर्यंत. अर्ज करायचाच असेल तर जूनमध्ये करून ठेवा.

तिकडे फ्रान्समध्ये चित्रकार मोनेचीही यातून सुटका नव्हती. गिव्हर्नी गावातल्या आपल्या बागेच्या तळ्यासाठी ओढ्याचं पाणी वळवायला 1893 साली त्यानं प्रीफेक्टकडे (तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे) अर्ज केला, तर तळ्यातल्या परदेशी रोपांनी पाणी नासेल म्हणून गावकऱ्यांची हरकत! त्याला निदान त्याच वर्षी परवानगी मिळाली.

माझं मत, पटलं तर घ्या: सार्वजनिक बागेत नुसती वही-पेन्सिल घेऊन बसा (मला तरी त्यावरून कुणी हटकलं नाही) आणि ऑइलसाठी ओळखीच्या शेतकऱ्याची मोसंबीची बाग गाठा. जालन्याकडे अशा बागा भरपूर. शेतकरी कागद मागत नाही, उलट चहा पाजतो. फक्त फवारणीच्या दिवशी जाऊ नका.

मोसंबीचं झाड जवळून बघितलं की हिरव्याचा घोळही सुटतो. वरच्या तुळतुळीत पानांवर आभाळ उतरतं, ती चक्क निळसर राखाडी दिसतात. उन्हाकडे तोंड करून बघा, उजेड पानातून आरपार येतो तिथं पिवळट पोपटी. आणि जमिनीला टेकलेल्या फांद्यांखाली जवळजवळ काळा. हे तीन ढीग पॅलेटवर आधी वेगळे कालवा, मगच ब्रश उचला. ट्यूबमधला तयार हिरवा, सॅप ग्रीन, तसाच थापू नका. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये लेमन यलो घ्या, भडक झाला तर किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). गडद सावलीत पांढरा नको, ती खडूसारखी दिसते. ऊन दोन तासांत फिरतं, म्हणून सावल्या पातळ रंगात पहिल्यांदा मांडा आणि नंतर त्यांना हात लावू नका. तेल वरच्या थरात जास्त, खालच्यात कमी. उलटं केलं की पुढे तडे जातात. मी आर्ट स्कूलचा नाही, जी.डी. आर्टवाल्यांनी खुशाल दुरुस्त करावं.

आणि हो, तेलाच्या चिंध्या बोळा करून पिशवीत कोंबू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो, त्यात आपला एप्रिल. दोरीवर सुट्या पसरा. तेल घेतानाही हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घेऊ नका, कितीही स्वस्त पडलं तरी. ते दारं-खिडक्यांसाठी असतं, चित्रात पिवळं पडतं.