नाडी ठळक लागते, मग हाताची सोनोग्राफी कशासाठी?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांची शस्त्रक्रियेने केलेली जोडणी) करायचा आहे. मनगटाची नाडी ठळक लागत असूनही शल्यचिकित्सकांनी आधी हाताची डॉपलर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून आणण्यास सांगितले. ही तपासणी खरोखरच आवश्यक आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होय, ती टाळू नये. मनगटावर बोट ठेवले की नाडी कळते. पण ती धमनी कुठून फुटून तिथवर आली आहे, आतून किती रुंद आहे आणि तिच्या भिंतीत कॅल्शियम साचले आहे का, हे बोटाला कळत नाही. बहुतेकांच्या दंडातील मुख्य धमनीला कोपराच्या किंचित खाली रेडियल (अंगठ्याकडची) आणि अल्नर (करंगळीकडची) असे दोन फाटे फुटतात. काहींमध्ये मात्र हे फाटे दंडातच, क्वचित काखेजवळ फुटतात. अशा व्यक्तीच्या दंडावर प्रोब (सोनोग्राफीचे त्वचेवर टेकवायचे उपकरण) आडवा धरला, तर पडद्यावर दोन धमन्या शेजारी-शेजारी ठोके देताना दिसतात. कोपराशी फिस्टुला करण्याची वेळ आली, तर तिथे अपेक्षेपेक्षा बारीक धमनी सापडण्याची शक्यता असते आणि हे चीर देण्यापूर्वीच ठाऊक असलेले बरे. मनगटाशी फिस्टुला करायचा असल्यास धमनीचा आतील व्यास साधारणपणे 2 मिलिमीटर तरी असावा, असे मानले जाते.

काहींची अल्नर धमनी स्नायूंखालून न जाता त्वचेलगत धावते. शीर समजून तिच्यात इंजेक्शन दिले गेले, तर बोटे गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. प्रोबने हलका दाब दिला की शीर चपटी होते, धमनी मात्र ठोके देत राहते. एवढ्यावरून फरक कळतो.

तळहातात रेडियल आणि अल्नर या दोन धमन्यांची कमान जुळते, पण ती सर्वांमध्ये पूर्ण नसते. 1929 साली डॉ. ॲलन यांनी सुचवलेल्या चाचणीत मनगटाशी धमनी दाबून तळहाताचा रंग परत येतो का, हे नजरेने पाहतात. डॉपलरमध्ये रेडियल धमनी दाबून धरली असता अंगठ्याकडे रक्त पोहोचते का, हे प्रत्यक्ष दिसते.

एका हातातील वेगळी रचना दुसऱ्या हातात असेलच असे नाही, म्हणून शक्य असल्यास दोन्ही हात तपासून घ्यावेत आणि धमनीला फाटा कुठे फुटतो, याची नोंद अहवालात मागावी. तोवर डाव्या हातावर सुई टोचू देऊ नये.