सान हुआनचा पत्ता आणि अध्यक्षपदाचं मत

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा. २०१७ साली न्यू जर्सीत अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. गेल्या वर्षी औषधांच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी पोर्तो रिकोला, अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर, आलो. मुलगी इथेच, सान हुआनमध्ये जन्मली. यापुढे टपाली मतपत्रिका मिळणार नाही, असं न्यू जर्सीहून कळलंय. एक मित्र म्हणतो, माझा न्यू जर्सीतल्या एडिसनचा पत्ता लाव. आईही अमेरिकन नागरिक आहे, तिकडे धाकट्या भावाकडे राहते, तिला एसएसआय, म्हणजे गरीब वृद्धांना आणि अपंगांना मिळणारी सरकारी मदत, मिळतो. तिला इकडे आणायचंय. शिवाय कारखान्यात ऐकलं की मुलीचं नागरिकत्व ‘कायद्याने दिलेलं’ आहे, संविधानाचं नाही. आम्ही करायचं काय?

उत्तर : आधी आईचं, कारण तिथे पैसा अडकलाय.

एसएसआयच्या कायद्यात ‘अमेरिका’ म्हणजे पन्नास राज्यं, राजधानीचा जिल्हा आणि नॉर्दर्न मारियाना बेटं. पोर्तो रिको त्यात नाही. आई सलग ३० दिवस तिथे राहिल्या की रक्कम थांबते, आणि परतल्यावर पुन्हा ३० दिवस सलग राहिल्याशिवाय सुरू होत नाही. मुक्काम हलवल्याचं कळवणं त्यांचीच जबाबदारी. होसे लुईस वाएयो मादेरो नावाच्या गृहस्थांना न्यूयॉर्कमध्ये एसएसआय मिळत होता. २०१३ मध्ये ते पोर्तो रिकोला परतले, पैसे खात्यात येत राहिले, आणि पुढे सरकारने २८,०८१ डॉलर परत मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला : बेटावरच्या नागरिकांना ही मदत नाकारणं संविधानात बसतं. आईंना नातीला भेटवायचं तर तीन आठवड्यांसाठी आणा आणि जाण्यायेण्याची तिकिटं फाईलला लावून ठेवा. नोकरीतून कमावलेलं सोशल सिक्युरिटीचं पेन्शन असेल तर ते बेटावरही मिळतं. दोन्ही एकच समजून घोटाळा करणारे मी पुष्कळ पाहिलेत.

आता मत. मित्राचा पत्ता विसरा. जिथे राहत नाही तिथला रहिवासी असल्याचं सहीनिशी लिहून देणं गुन्हा आहे.

तुम्हाला चीड येईल ती पुढच्या गोष्टीची. पोर्तो रिकोला न येता तुम्ही न्यू जर्सीहून थेट कायमचे सांगलीला गेला असतात, तर विश्रामबागेतल्या घरी बसून न्यू जर्सीची मतपत्रिका भरू शकला असतात, अध्यक्षपदाची सुद्धा. परदेशी राहणाऱ्या नागरिकांसाठी १९८६ चा कायदा आहे. पण सान हुआन परदेश नाही, म्हणून तो कायदा तुम्हाला लागू नाही. आणि पोर्तो रिको राज्यही नाही, म्हणून अध्यक्ष निवडणारे इलेक्टर त्याच्या वाट्याला नाहीत. इलिनॉयमधून बेटांवर गेलेल्या काही नागरिकांनी यावर दावा लावला होता. २०१८ मध्ये अपील न्यायालयात ते हरले. तुम्ही लावलात तरी वेगळं काही होईल असं मला वाटत नाही, फी वाचवा.

याचं मूळ संत्र्यांत आहे. १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने हे बेट अमेरिकेला दिलं, आणि तिथल्या रहिवाशांचे हक्क काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ठरवील असं त्यातच लिहून ठेवलं. पुढे सान हुआनहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली गेली. आपल्याच देशातल्या मालावर जकात कशी, असं व्यापाऱ्याने विचारलं. १९०१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण सगळ्याच बाबतींत अमेरिकेचा भाग नाही. एका न्यायमूर्तींनी तर ‘घरगुती अर्थाने परकं’ असा शब्दप्रयोग केला. घरात घ्यायचं पण पंगतीला बसवायचं नाही, तशातला प्रकार. २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती गोर्सच यांनीच हे जुने निकाल मोडीत काढा असं लिहिलं, पण अजून ते उभे आहेत.

तुमच्या हातात काय उरतं? गव्हर्नर, बेटाचं विधिमंडळ आणि वॉशिंग्टनला जाणारे रेसिडेंट कमिशनर. ते प्रतिनिधिगृहात बोलतात, विधेयकावर अखेरचं मतदान मात्र करत नाहीत. पक्षांचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीतही मत देता येतं. इथल्या निवडणूक आयोगाकडे नोंदणी करून टाका. पुन्हा एखाद्या राज्यात राहायला गेलात की तिथे नाव नोंदवायचं, अध्यक्षपदाचं मत परत मिळतं. बेटावरच्या पगारावर संघीय आयकर साधारणपणे लागत नाही, पण म्हणून मताच्या बदल्यात करमाफी असा हिशेब मांडू नका. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याची) कपात होतेच.

मुलीबद्दल सहकारी बोलले ते अगदीच खोटं नाही. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये काँग्रेसने कायदा करून नागरिकत्व दिलं. आज १९५२ च्या कायद्यानुसार १३ जानेवारी १९४१ पासून तिथे जन्मलेले जन्मतः नागरिक ठरतात. तुम्ही मात्र न्यू जर्सीत शपथ घेतलीत, म्हणून सांगलीत जन्मलेल्या तुम्हाला चौदाव्या घटनादुरुस्तीचं (अमेरिकेत जन्मलेले किंवा तिथे नागरिकत्व घेतलेले नागरिक ठरवणाऱ्या संविधानातल्या तरतुदीचं) थेट संरक्षण, आणि लेकीचं नागरिकत्व मात्र एका कलमावर! काँग्रेस ते काढून घेऊ शकते का, यावर प्राध्यापक मंडळी वाद घालतात. माझं मत विचाराल तर ते कोर्टात टिकणार नाही, आणि तुमच्या घरी त्यावर झोप घालवायचं कारण नाही. ती अमेरिकन सामोआतल्या लोकांसारखी फक्त ‘नॅशनल’ नाही, पूर्ण नागरिक आहे. ‘परदेशातला जन्म’ म्हणून वकिलातीत नोंद करा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. सान हुआनचा जन्मदाखला घ्या, दोघं आईबाप तिला घेऊन पासपोर्टचे अर्ज घेणाऱ्या टपाल कार्यालयात जा आणि फॉर्म भरा.